सुहासिनीताईंची विलायती निवडणूक

आमच्या जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात जून महिन्यात माणसं दोनच गोष्टींवरून भांडतात, पाणी कधी येणार आणि लाइट कधी येणार. त्या वर्षी तिसरी गोष्ट निघाली, इंग्लंडमध्ये सरकार कोणाचं येणार! हसा, हसा. पहिले मीही हसलेच होते. आमच्याकडचं लोकसभेचं मतदान एप्रिलमध्येच उरकलं होतं, बोटावरची शाई गेली होती, निकाल लागून मिठाई वाटणारे वाटून मोकळे झाले होते. आणि आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी हमरीतुमरी कशावरून, तर तिकडच्या पंतप्रधानानं टीव्हीवर काय सांगितलं अन् विरोधी पक्षाच्या नेत्यानं ते कसं टोलवलं. ह्या सगळ्याच्या मुळाशी होत्या माझ्या मोठ्या जाऊबाई, सुहासिनीताई पांढरीपांडे.

मी ज्योती, धाकटी जाऊ. एकाच घराचे दोन हिस्से, मधे सामाईक ओसरी. माझं तोंड सुटलं की आवरत नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे वाकडं झालं ते माझ्याच तोंडामुळे झालं.

ताईंनी चौतीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीत काढली. काम तपासणीचं. मशीनवर बनून आलेले सुटे भाग ट्रेमध्ये यायचे आणि ताई हातात पोलादी गेज घेऊन एकेक तपासायच्या. त्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. बस्स. थोडंसं गेलं, जवळजवळ गेलं, असलं काही नसतं. एकदा मार्चएंडला फोरमन म्हणाला, मॅडम, ये ट्रे पास कर दीजिए, केसभराचाच तर फरक आहे. ताईंनी ट्रे उचलला आणि त्याच्या टेबलावर उपडा केला. म्हणाल्या, "तुमच्या केसांवर चालत नाही हे काम, आणि तसेही ते फार उरले नाहीत." दोन वर्षं बढती अडकली. ताईंनी ना अर्ज केला ना रडारड. रिटायर झाल्या तेव्हा तोच फोरमन हार घेऊन आला होता. हार घेतला, फोटो काही त्याच्याबरोबर काढला नाही.

आता घरचं सांगते. भाऊजी आधीच गेले होते. ताईंचा एकुलता एक मुलगा अंबरीश कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मागे सून प्रणोती आणि नऊ महिन्यांची स्वानंदी. प्रणोती नर्स, इथल्याच एका खासगी दवाखान्यात. डबल ड्यूटी करून पोरगी वाळून राहिली होती नुसती. एक दिवस ताईंनीच पेपरातली जाहिरात कापून तिच्यासमोर ठेवली, इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका पाहिजेत, शिकलेल्या असाव्यात, मुलंबाळं सोबत नेता येतील. "जा," म्हणाल्या, "आणि सहा महिन्यांत पोरीला घेऊन जा. इथे राहिलीस तर हे लोक तुला आयुष्यभर बिचारी म्हणून ठेवतील."

नातेवाईक काय गप्प बसतात! नागपूरच्या आत्याबाई खास गाडी पकडून आल्या. विधवा सुनेला एकटीला परदेशी पाठवता, लोक काय म्हणतील, उद्या तिकडेच कोणाशी जमवलं तर? ताई म्हणाल्या, "जमवलं तर मला लग्नाला बोलावेल. तुम्हाला बोलावेल का ते सांगता येत नाही." आत्याबाईंचा चहाच घशात अडकला. मला तर इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी त्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढले.

पण ह्याच ताईंनी एक चूक केली. तीही अशी की दुसऱ्या कोणाच्या घरात झाली नसती.

प्रणोतीचे कागद पडताळणी होऊन डिसेंबरच्या शेवटी कुरिअरनं घरी आले. प्रणोती ड्यूटीवर होती, पाकीट ताईंनी घेतलं. ते पुढे नागपूरच्या एजंटकडे पाठवायचं होतं. आता आमच्या गल्लीत सगळी हिंदीभाषक घरं, त्यांचा खरमास चालू. खरमासात चांगलं काम सुरू करत नाहीत हे आपल्या मराठी लोकांत एवढं कुठे असतं? पण पन्नास वर्षं जबलपुरात काढली की शेजाऱ्यांचे सणही लागतात आणि शेजाऱ्यांच्या भीत्याही लागतात. ताई म्हणाल्या, संक्रांत होऊन जाऊ दे. संक्रांत झाली, तर म्हणाल्या, बोरन्हाण होऊन जाऊ दे. पाकीट गेलं की प्रणोतीला नागपूरला पळावं लागणार, टेस्ट, मुलाखत, आणि पोरीचं बोरन्हाण राहणार. स्वानंदीचं एकही झालं नव्हतं. पहिल्या वर्षी कोरोना म्हणून कोणाला बोलावता आलं नाही, मग बाप गेला, मग एकदा ताप. पाच वर्षांच्या आत करायचं असतं ते. ताईंनी पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि प्रणोतीला सांगितलं, अजून आलं नाही.

बोरन्हाण मात्र झालं बरं का, झोकात झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पोरीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गल्लीतली दहा-बारा पोरं खाली वेचायला तुटून पडलेली. अंबरीश गेल्यानंतर त्या घरात कोणी पहिल्यांदा मोठ्यानं हसलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी पाकीट काढलं, "आलं ग बाई एकदाचं" म्हणून प्रणोतीच्या हातात दिलं. पंचवीस दिवस गेले होते.

आणि मग तिकडच्या सरकारचा नियम लागू झाला. मार्चमधल्या अमुक तारखेनंतर अर्ज करणाऱ्या ह्या कामगार बायकांना मुलं सोबत आणता येणार नाहीत. प्रणोतीचा अर्ज त्या तारखेनंतर चार दिवसांनी भरला गेला. चार! एजंटनं फोनवर सांगितलं, मॅडम, आपका हो गया, बच्ची का नहीं होगा. प्रणोती म्हणाली, मग मी पण जात नाही. ताईंनीच समजावून, रागावून, शेवटी शपथ घालून तिला पाठवलं. "नियम माणसांनीच केलाय ना? माणसंच बदलतील. तू जा, जागा धर." ती गेली त्या रात्री ताईंनी मला कपाट उघडून दाखवलं, पाकीट कुठे होतं ते. एवढंच म्हणाल्या, "ज्योती, तिला कळता कामा नये." मी देवावर हात ठेवून हो म्हटलं.

तर मे महिन्याच्या शेवटी तिकडे निवडणूक जाहीर झाली. प्रणोतीचा फोन रोज साडेपाचला यायचा, तिकडे तिची जेवणाची सुट्टी असायची. पाण्याच्या माठाला मोबाइल टेकवून ठेवायचा, समोर स्वानंदीला बसवायचं, ती आईला चित्रं दाखवायची, मग बाकीच्यांनी बोलायचं. एक दिवस प्रणोती सहज बोलून गेली, "आई, गंमत ऐका. इथली एक केरळची सिस्टर म्हणून राहिली होती, आपल्याला इथे मत देता येतं. इंडियन पासपोर्ट असला तरी. ह्यांच्या जुन्या राजवटीतले देश म्हणून काही तरी आहे ते."

ताई भाजी निवडत होत्या. हातातली गवार खाली ठेवली. "तुला मत आहे?"

"असेल. पण आपण काय करायचं आई, आपण परके."

"परके? दीडशे वर्षं ते आपल्याकडे मत न मागता राहिले, तेव्हा त्यांना परकं वाटलं होतं का? आत्ताच्या आत्ता नाव नोंदव!"

माझी मुलगी सुखदा, राइट टाउनमधल्या एका बँकेत आहे, तिनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर प्रणोतीकडून फॉर्म भरून घेतला. खरंच मत होतं. आठ दिवसांत नाव यादीत आलं. ताईंनी ही बातमी गल्लीत अशी सांगितली की जणू नातू झाला.

आणि मग ओसरी पेटली. शेजारचे बाळाजीराव, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, सगळ्यात आधी हजर. त्यांचं मत ठरलेलं. "वहिनी, ह्यात विचार काय करायचा? तिथला पंतप्रधान आपल्या रक्ताचा आहे, हिंदू आहे. दिवाळीला घरासमोर दिवे लावतो."

"लावलेत ना दिवे," ताई म्हणाल्या. "आमच्या पोरीला आईपासून तोडणारा नियम त्याच्याच सरकारचा."

"अहो, पण आपला माणूस..."

"आपला काहून? तुमच्या पंगतीला जेवला का कधी?"

मग मी विरोधी पक्षाच्या नेत्याची बाजू धरली. नुसतं बाळाजीरावांना विरोध करायचा म्हणून, खोटं काहून बोलू. तो बदल आणीन म्हणतो, म्हटलं, करेल काही तरी. तर सुखदा मोबाइल बघून म्हणाली, "मम्मी, वो भी यही बोल रहे हैं. बाहरवाले कम करेंगे. दोन्ही पार्टी सेम आहे ह्या पॉइंटवर." तिचं मराठी असंच चालतं, अर्धं ह्या पायावर, अर्धं त्या. पण वाचून तिनंच सगळं सांगितलं, कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात काय आहे ते. रोज नेत्यांच्या टीव्हीवरच्या वादाचे तुकडे दाखवायची. समोर साधी माणसं बसलेली असायची, कोणी दुकानदार, कोणी शिक्षिका, आणि ती उभी राहून नेत्याला तोंडावर विचारायची, माझ्या आईला दवाखान्यात एवढं ताटकळावं लागलं, का? बाळाजीराव म्हणायचे, असं आपल्याकडे व्हायला पाहिजे. ताई म्हणायच्या, "प्रश्न चांगले विचारतात. पण उत्तर घेतल्याशिवाय बसून काहून जातात?"

नेत्यांची उत्तरं ऐकून त्या नुसत्या तडफडायच्या. ज्याला जे विचारलं ते सोडून बाकी सगळं सांगायचा. "गेज लावा रे ह्यांना कोणी," म्हणायच्या. "मूल आणता येईल का नाही येणार? हो का नाही? तिसरं काही नसतं." बाळाजीराव राजकारण समजवायला गेले की त्यांच्यावर उखडायच्या. चार दिवस ते आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले, कारण घरी त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं.

मतदानाच्या पंधरवडाभर आधी प्रणोतीनं सांगितलं की तिच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी उमेदवारांची सभा आहे. तीन मोठ्या पक्षांचे उमेदवार येणार, मतदार चिठ्ठी देऊन प्रश्न विचारू शकतात. ताई माठासमोर सरकून बसल्या.

"तू विचारणार."

"आई, नाही. प्लीज. इथे माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. मॅनेजर परवाच म्हणाली, व्हिसावाल्यांनी फालतू गडबडीत पडू नका. उद्या कामावरून काढलं तर दोन महिन्यांत परत यावं लागेल."

"ह्यात गडबड काय आहे? तू मतदार आहेस."

"मतदार नंतर आहे, आई. पहिले नोकर आहे."

हे ऐकून ताईंचा पारा चढला. तुला शिकवलं ते ह्यासाठी का, अंबरीश असता तर काय म्हणाला असता, असं सगळं सुरू झालं. पलीकडे प्रणोतीचे डोळे भरून राहिले होते, स्वानंदी मधे बसून एकदा आज्जीकडे, एकदा मोबाइलकडे बघत होती. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं ना, माझं तोंड.

"बस करा ताई! तिकडे ती एकटी आहे, नोकरी तिची जाणार, तुमची पेन्शन नाही जाणार. आणि पंचवीस दिवस ते पाकीट साड्यांखाली दाबून ठेवलं नसतं तुम्ही तर आज पोरगी आईजवळ असती. तुमच्या बोरन्हाणापायी झालं हे सगळं. आता निदान तिची भाकर तरी राहू द्या!"

बोलून गेले. मग मला समजलं की मोबाइल चालू आहे.

प्रणोतीनं तिकडून फोन बंद केला. स्वानंदी म्हणाली, आई गेली. ताई उठल्या, निवडलेली भाजी आत नेली. मी ओसरीत बसून राहिले. मला माझी इतकी चीड आली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

पुढचे तीन दिवस साडेपाचचा फोन सुखदाच्या मोबाइलवर आला. प्रणोती स्वानंदीशी बोलायची, माझ्याशी दोन शब्द, आणि ठेवायची. आई कुठे आहेत हे विचारायची नाही. ताई आतल्या खोलीत असायच्या. मला माहीत होतं की दाराआड उभ्या राहून ऐकतात. ओसरीतलं इलेक्शन बंद पडलं. बाळाजीराव दोनदा येऊन, घरातला वास ओळखून, परत गेले.

तिसऱ्या दिवशी मी ताईंच्या पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागे घेतले. "खोटं थोडंच बोललीस," म्हणाल्या. "पण ते तिला सांगायचं माझं काम होतं. मी केलं नाही, म्हणून तुझ्या तोंडून निघालं." मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हजार मापात खोट काढली ग. स्वतःची एक झाकून ठेवली. आता ती पोर माझं तोंड काहून बघेल?" ताईंना रडताना मी अंबरीश गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मी त्यांच्या शेजारी बसून स्वानंदीच्या फ्रॉकचं बटण लावत बसले.

पुढचं लपवत नाही, आताच सांगून टाकते. निवडणूक झाली, सरकार पालटलं, नियम पालटला नाही. आजच्या तारखेला स्वानंदी कांचघरातच आहे, शाळेत जाते. प्रणोती तिकडे आहे, नोकरीही आहे, मत कोणाला दिलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ताईंनी विचारलं तर म्हणते, मत गुप्त असतं, आई. म्हणजे जे मागायला आम्ही निघालो होतो ते काही मिळालं नाही. पण त्या शनिवारचं मला सांगायचं आहे, कारण तो शनिवार कोणीही आमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

शनिवारी दुपारी साडेतीनला, तिकडचे अकरा असतील, ताईंचा मोबाइल वाजला. ताईंचा, सुखदाचा नाही. व्हिडिओ कॉल. ताईंनी मोबाइल माझ्याकडे सरकवला, मीच उचलला. प्रणोती दिसली नाही. दिसला एक हॉल, लाकडी छत, खुर्च्यांवर पांढऱ्या केसांची माणसं, समोर एका टेबलामागे तीन उमेदवार आणि मधे गळ्यात पांढरी पट्टी घातलेल्या, सभा चालवणाऱ्या चर्चच्या पाद्रीबाई. प्रणोतीनं मोबाइल आपल्या बाजूला, जरा मागे, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला होता, तोंड स्टेजकडे. आम्ही सगळे कूलरसमोर गोळा झालो. बाळाजीराव कसे आले, कोणी बोलावलं, देव जाणे.

चार प्रश्न रस्त्याचे, दवाखान्याचे झाले. मग त्या बाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. आमचं पांढरीपांडे त्यांच्या तोंडात असं काही फिरलं की एरवी असतं तर मी हसले असते. प्रणोती उभी राहिली. मोबाइलमध्ये फक्त तिची कोपरापासूनची बाही दिसत होती, आवाज मात्र स्पष्ट. ती काय म्हणते ते सुखदा हळू हळू सांगत होती.

प्रणोती म्हणाली, मी इथल्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते, रात्री त्यांच्याजवळ बसते. माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे, ती मला मोबाइलमध्ये दिसते. तुमचा पक्ष तिला इथे येऊ देईल का? हो की नाही?

तिसऱ्या पक्षाचा तरुण उमेदवार म्हणाला, हो, आम्ही हा नियम रद्द करू. ताई पुटपुटल्या, "हा पास. पण हा निवडून येत नाही." विरोधी पक्षाच्या बाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे, आणि मग बराच वेळ आदराबद्दलच बोलल्या. सरकारी पक्षाचा माणूस चांगला गोरागोमटा, आवाज मऊ. तो म्हणाला, नियम आधी जाहीर केला होता. ज्यांनी वेळेत अर्ज केला त्यांच्या मुलांना परवानगी मिळाली. वेळ पाळणाऱ्यांवर अन्याय नको. तुमचा अर्ज कधीचा होता?

ताईंनी डोळे मिटून घेतले होते.

प्रणोती म्हणाली, चार दिवस उशिराचा. कागद माझ्या घरी पंचवीस दिवस पडून होते. माझ्या सासूबाईंनी ठेवले होते. त्यांना नातीचा एक सण करायचा होता. लहान मुलाच्या डोक्यावरून फळं ओततात, गल्लीतली मुलं ती वेचून खातात, पोराला काही इडापीडा होऊ नये म्हणून. माझा नवरा गेल्यानंतर आमच्या घरात एकही सण झाला नव्हता. त्यांनी मला सांगितलं नाही, मला ह्याच आठवड्यात कळलं. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि मग मी विचार केला की मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं. सर, मीही तेच केलं असतं. माझ्या घरात फॉर्मच्या आधी लेकरू येतं. चूक झाली, कबूल आहे, लिहून देते. आता तुम्ही सांगा, ह्या चुकीची शिक्षा किती वर्षं आहे? एक? पाच? दहा? तुमचा नियम आहे, तुम्हाला माहीत असेल. मला आकडा सांगा.

बाळाजीरावांनी चष्मा काढला.

तो माणूस काही तरी बोलू लागला, धोरण, समतोल, पुढे आढावा. प्रणोती म्हणाली, आकडा. तो विरोधी बाईंकडे बघू लागला. त्या कागद चाळू लागल्या. मधल्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या चिठ्ठीवरचं नाव घेतलं. मागून कोणी तरी गोड आवाजात म्हणालं, बसा आता, बाई.

"नहीं बैठ रही," सुखदा म्हणाली. "मम्मी, ती बसून नाही राहिली."

खरंच नाही बसली. ती बाही आम्हाला तशीच दिसत राहिली. पुढच्या माणसानं पार्किंगचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर झालं, मग शाळेचा झाला. उमेदवार बोलताना प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत होते आणि त्यांचं वाक्य अडखळत होतं. ना तिनं गोंधळ घातला ना आवाज चढवला. फक्त उभी.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, ताई भिंतीला धरून उठत होत्या. गुडघे दोन्ही कामातून गेलेले, डॉक्टरांनी दहा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही म्हणून सांगितलेलं. मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, ताई, अहो बसा, सभा संपायला अजून अर्धा तास आहे.

"ती बसली का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, नाही.

"मग मी कशी बसू?"